स्कायच्या पुलाचा टोल

एडिनबरात दोन रात्री, वाटेत स्टर्लिंग, ग्लेन्कोला एक रात्र, मग स्काय बेटावर चार आणि परतताना इन्व्हर्नेस, कलोडन. जून २०२५ च्या या स्कॉटलंडच्या सहलीचा बेत मी जानेवारीपासून घोळवत होतो. एक्सेलमध्ये दिवसाला एक ओळ, अंतर, वेळ, आणि 'आईच्या गुडघ्यांना झेपेल का' असा वेगळा रकाना. ऑफिसच्या कामाची शीट मी कधी इतक्या मन लावून केली नव्हती. त्या शीटमधल्या स्कायच्या चार ओळी सपशेल खोट्या निघाल्या आणि हजार पौंड गेले.

कसे गेले ते जरा तपशिलात सांगतो. 'अनोळखी माणसाला पैसे पाठवले' असं एका ओळीत सांगितलं, तर वाचणारा म्हणेल, मी नसते पाठवले. मीही असले किस्से वाचून हेच म्हणायचो.

उन्हाळ्यात स्कायवर राहायची जागा मिळणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं. फेब्रुवारीत शोधायला लागलो तरी पोर्ट्रीत, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात, आमच्या बजेटचं काही उरलं नव्हतं. मग सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या एका साइटवर स्टॅफिनच्या बाजूचं एक कॉटेज दिसलं. पांढऱ्या भिंती, काळं छप्पर, मागे क्विरँगचे कडे. झोपायची एक खोली तळमजल्यावर, बाहेर एकही पायरी नाही. आईसाठीच बांधलंय जणू! रात्रीला २४० पौंड.

चौकशी केली, तासाभरात उत्तर आलं. गृहस्थाचं आडनाव 'मॅक'ने सुरू होणारं, भाषा अतिशय सभ्य. साइट फार कमिशन खाते, थेट ठरवलंत तर चार रात्रींचे ९६० ऐवजी ८०० घेईन, वर २०० डिपॉझिट, ते निघताना परत. एकूण हजार.

इथे कान टवकारायला हवेत हे मला माहीत होतं, आणि ते टवकारले होतेच. म्हणून मी तपासणी केली. पत्ता नकाशावर टाकला, रस्त्यावरून काढलेल्या फोटोंत घर पाहिलं. तेच घर, तेच काळं छप्पर, दाराशी तोच लाल बाक. मग परवाना. स्कॉटलंडमध्ये थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायचं तर स्थानिक काउन्सिलचा परवाना लागतो. १ जानेवारी २०२५ पासून यातून जुने घरमालकही सुटलेले नाहीत, आणि परवान्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. त्याने पाठवलेल्या करारावर क्रमांक होता. काउन्सिलची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही बघता येते. मी क्रमांक टाकला, नोंद सापडली, मी समाधानाने लॅपटॉप मिटला.

त्या नोंदीत क्रमांकापुढे पत्ताही असतो. तो मी वाचला नाही. वाचला असता तर कळलं असतं की तो परवाना खरा आहे, पण इन्व्हर्नेसच्या पलीकडच्या कुठल्यातरी दुसऱ्याच घराचा आहे. तपासणी केल्याचं समाधान मला इतकं हवं होतं की ते मिळाल्या मिळाल्या मी थांबलो.

एवढंही असून मी कदाचित पैसे पाठवले नसते. पण त्या माणसाने माझी शीट मागितली. 'तुमचा बेत पाठवा, स्थानिक माणूस म्हणून काही सुचवता आलं तर बघतो.' ज्याने दोन महिने बेत आखलाय आणि घरात कोणी तो ऐकून घेत नाही, त्याला असं विचारणारा माणूस भेटणं म्हणजे काय, हे बेत आखणाऱ्यांनाच कळेल. मी सगळी शीट पाठवली.

आणि त्याचे सल्ले चोख होते. एडिनबरा सोडायच्या दिवशीच गाडी ताब्यात घ्या, तोवर विमानतळावरून ट्राम आहे. जुन्या शहरात पार्किंग मिळत नाही आणि मध्यभागी कमी प्रदूषणाचा झोन आहे, नियमात न बसणारी गाडी आत गेली तर ६० पौंड दंड. एडिनबरा ते पोर्ट्री एका दमात करू नका, नकाशा साडेपाच तास म्हणेल, आईसोबत तुम्हाला आठ लागतील. एकपदरी रस्त्यावर 'पासिंग प्लेस'च्या पाट्या दिसतील, ती जागा डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, आणि फोटो काढायला तिथे गाडी लावू नका. संध्याकाळी वारा पडला की मिज नावाचे बारीक चावरे किडे येतात, जाळीच्या टोप्या आणा. ग्लेन्कोचं माहिती केंद्र चुकवू नका.

मी एकेक गोष्ट पडताळून पाहिली. प्रत्येक खरी निघाली. रस्त्याबद्दल खरं बोलणारा माणूस घराबद्दलही खरंच बोलत असणार, असं कोणी म्हटलं नव्हतं. ते माझं मीच ठरवून टाकलं. खरं तर हे सगळं कुठल्याही प्रवास मार्गदर्शिकेत सापडतं. खरी माहिती फुकट मिळते. त्याला खर्च काहीच आला नव्हता.

एकदाच तो घसरला. त्याने 'घराची माहिती' म्हणून आठ पानांची फाइल पाठवली होती. किल्ली कुठे, कचरा कुठल्या वारी, पेट्रोल कुठे. त्यात एक वाक्य होतं: स्कायच्या पुलाच्या टोलसाठी सुटे पैसे ठेवा. मला माहीत होतं की हा पूल १९९५ ला सुरू झाला, टोलवरून लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि डिसेंबर २००४ मध्ये टोल बंद झाला. स्कायवर राहणारा माणूस एकवेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, हे विसरणार नाही. मी त्याला ते लिहून कळवलंसुद्धा. तो म्हणाला, 'वा, तुमचा अभ्यास दांडगा आहे! जुनी फाइल आहे, दुरुस्त करतो.' आणि मला शंका यायच्या ऐवजी अभिमान वाटला. बायकोला मी तो मेसेज वाचून दाखवला.

पैसे भरताना बँकेच्या फॉर्मवर खातेदाराचं नाव वेगळंच होतं. 'बायकोचं खातं आहे.' बरं. बायकोने विचारलं, 'अहो, कार्डाने नाही का भरता येत?' मी विचारलं. त्याच्याकडे कार्डाचं मशीन नव्हतं. खेड्यातला साधा माणूस, कुठून असणार? हे समर्थन त्याने केलं नाही, मी केलं. त्याने पाठवलेली पावती आम्ही व्हिसाच्या कागदांतही जोडली. व्हिसा आला तेव्हा माझ्या मनात पावतीवर जणू सरकारी शिक्का उठला.

सहल सुरू झाली आणि अगदी शीटप्रमाणे चालली. एडिनबराच्या किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंतचा उतार आई बाकाबाकावर टेकत उतरली. स्टर्लिंगला किल्ल्याच्या तटावरून वॉलेसचा मनोरा पाहिला. पलीकडच्या नदीवर १२९७ ला त्याची इंग्रजांशी लढाई झाली. ग्लेन्कोला त्या माहिती केंद्रात गेलो. फेब्रुवारी १६९२ मध्ये सरकारी सैनिक इथल्या मॅकडॉनल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून जवळजवळ दोन आठवडे राहिले, त्यांचं मीठ खाल्लं आणि १३ तारखेच्या पहाटे त्यांनाच कापून काढलं. अडतीसएक माणसं. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात अशा गुन्ह्याला वेगळं नाव होतं, विश्वासात घेऊन केलेला खून, आणि तो साध्या खुनापेक्षा घोर मानला जाई. ते वाचून मी बाहेर आलो, डोंगराचा फोटो काढला आणि आमच्या घरमालकाला पाठवला. दोन निळ्या टिका. 'सुंदर! क्विरँगच्या वाटेवर मेंढ्या सांभाळा.' त्याचा शेवटचा मेसेज.

दुसऱ्या दिवशी ग्लेन शीलमधून, आयलन डोननच्या किल्ल्यावरून रमतगमत स्टॅफिनला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तिथे जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो, त्यामुळे लख्ख उजेड. काळं छप्पर, लाल बाक. मुलगी ओरडली, 'बाबा, फोटोतलंच घर!' फाइलप्रमाणे दाराच्या डावीकडे किल्लीची आकड्यांची पेटी असायला हवी होती. तिथे भिंतीवर नुसतं वेलीचं खोड होतं. मी खोडाच्या मागे हात घालून चाचपत होतो तेव्हा दार उघडलं. सत्तरीच्या बाई, हातात ताट पुसायचं फडकं. माझ्याकडे, मग गाडीतल्या सामानाकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाल्या, 'अरे देवा, पुन्हा?'

आम्ही त्या वसंतापासूनचे तिसरे होतो. त्यांनी हे घर काही वर्षांपूर्वी विकत घेतलं. विक्रीसाठी तेव्हा काढलेले फोटो इंटरनेटवर राहिले, तेच कोणीतरी उचलले. घर खरं, रस्ता खरा, परवाना खरा. फक्त तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

बाईंनी आईला आत बसवून चहा दिला आणि स्वतः फोन फिरवायला घेतले. पोर्ट्रीत सगळं भरलेलं. शेवटी पूल ओलांडून मागे, काइल ऑफ लोखाल्शला एक खोली मिळाली, २१० पौंडांना. ऐंशीएक किलोमीटर परत. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, 'अरे, आजचं क्विरँग राहिलं की तुझ्या शीटमधलं.' पुढच्या तीन रात्री तीन ठिकाणी काढल्या, त्याचा हिशोब इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी १०१ वर फोन केला. स्कॉटलंडमध्ये अशी तक्रार थेट तिथल्या पोलिसांकडे करायची असते. फोनवरची मुलगी शांतपणे सगळं लिहून घेत होती, तिने घटनेचा क्रमांक दिला. आपल्या बँकेला कळवलं, पैसे परत मागवायची विनंती गेली. खातं रिकामं होतं. घरी आल्यावर सायबर तक्रारही केली, पण आपल्याकडच्या १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा तो पैसे गेल्यावर काही तासांत, आमचे तर चार महिने झाले होते.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे: अशी फसवणूक करून खात्यावरून खात्यावर पैसे वळवले गेले, तर ग्राहकाला बँकेने भरपाई द्यायची, ८५,००० पौंडांच्या मर्यादेत. पण पैसे देणारं आणि घेणारं, दोन्ही खाती ब्रिटनमधली हवीत. बाहेरून पाठवलेल्या पैशांना ते संरक्षण नाही. शिवाय तिथल्या तिथे पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं का हे बँकेचं अ‍ॅप आधीच सांगतं. माझा चुलतभाऊ लेस्टरला राहतो. त्याला 'तुझ्या खात्यातून भर, मी तुला देतो' म्हणायचं मला संकोचामुळे जमलं नाही. कार्डाने भरले असते तर कार्ड कंपनीकडे दाद तरी मागता आली असती. बँकेतून बँकेत पाठवलेले पैसे म्हणजे हातातून सुटलेला बाण.

आता मी कोणाचा बेत बघायला बसलो की घराचा फोटो, पत्ता, परवाना, खातेदाराचं नाव एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून काढायला लावतो. एकेकटं तपासलं तर सगळं खरं निघतं, माझंही निघालं होतं. फोटो उलटा शोधून, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते बघायला सांगतो. आमच्या कॉटेजचा फोटो तसा शोधल्यावर पहिल्या पानावरच विक्रीची जुनी जाहिरात आली. दोन मिनिटांचं काम होतं. आणि साइटबाहेर पैसे मागितले तर तिथेच थांबा, मग समोरचा कितीही गोड बोलो.

सप्टेंबरमध्ये मी न राहवून पुन्हा त्या साइटवर स्कायची घरं चाळत होतो. एक नवी जाहिरात दिसली. घर वेगळं, डन्व्हेगनच्या बाजूचं, घरमालक वेगळा, आडनावही 'मॅक'वालं नाही. मी बायकोच्या नावाने चौकशी केली. तासाभरात उत्तर: साइट फार कमिशन खाते, थेट ठरवू या, आणि सोबत 'घराची माहिती' म्हणून आठ पानांची फाइल. मी सरळ चौथ्या पानावर गेलो. पुलाच्या टोलसाठी सुटे पैसे ठेवा. दुरुस्त करतो म्हणाला होता.