7,800 रुपयांचा 40 ग्रॅमचा लिफाफा

जुना मॉडेल किट घेताना फसलो, ते लिहू की नको करता करता दोन महिने गेले. घरी खरा आकडा सांगितला नव्हता म्हणून गप्प होतो, आता तो सांगून झाला, जे ऐकायचं ते ऐकून झालं, तर लिहून टाकतो. जुने मॉडेल किट, म्हणजे सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती बनवायचे डबे, कोणी फोनवरून सेकंडहँड घेत असेल, गाडीचे, विमानाचे, रेल्वेचे, कोणतेही, त्यानं हे वाचाच.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याच्या दिवसात रात्रीची लाइन, व्होल्टेज कमी, लोकांच्या मोटारी जळतात आणि माझं घर चालतं, म्हणायला बरं वाटत नाही पण आहे ते आहे. रात्री शटर ओढलं की त्याच टेबलावर मी गाड्यांचे मॉडेल बनवतो आणि त्यातही ड्रॅगस्टर. आमच्याकडच्या माणसाला ड्रॅग रेस समजावायला एक शब्द पुरतो, शंकरपट, आमच्याकडची बैलांची शर्यत. तळेगाव दशासरचा पट पाहिलेला माणूस लगेच मान हलवतो. सरळ पट्टा, वळण नाही, दोघं बाजूबाजूला आणि निकाल सेकंदावर. फक्त बैलाच्या जागी नायट्रोमिथेन पिणारं आठ सिलिंडरचं इंजिन, आजच्या टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्या 1,000 फूट चार सेकंदाच्या आत कापतात, वेग ताशी 500 किलोमीटरच्या वर. धुरकरी, म्हणजे हाकणारा, आहेच, हेल्मेट घातलेला.

मला पाहिजे होती 1971 च्या काळातली, डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅग रेसरची, जिचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे आहे. त्याच्या आधी इंजिन पुढे असायचं आणि ड्रायव्हर त्याच्या बुडाशी चिकटून बसायचा, म्हणजे काही फुटलं की थेट मांडीवर. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर सुटताना गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशनच फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं, यानं पुढच्याच वर्षी इंजिन मागे टाकलेली गाडी आणून रेस जिंकली आणि मग काही वर्षात सगळेच तशी बनवायला लागले. ती गाडी मला माझ्या टेबलावर पाहिजे होती, बस.

आता थोडं वायरीचं सांगतो कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. 1/25 स्केल म्हणजे खऱ्या गाडीचा पंचविसावा हिस्सा. खऱ्या स्पार्क प्लगची वायर 8 मिलिमीटर जाड धरली तर मॉडेलला 0.32 ची पाहिजे, आणि आपली 30 गेजची वाइंडिंग वायर 0.315 असते. किटात या वायरी येत नाहीत, लोक त्यासाठी वेगळे डिटेलिंग सेट विकत घेतात, माझ्याकडे रिळं पडून आहेत. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग, त्याच्या टोपीवर, ती ज्वारीच्या दाण्याएवढी असते, बारीक ड्रिलनं हातानं फिरवत आठ भोकं पाडायची, टाचणीच्या टोकावर फेविक्विक घेऊन एकेक वायर बसवायची आणि क्रायस्लर हेमी इंजिनच्या फायरिंग ऑर्डरनंच, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात त्याच क्रमानं, न्यायची, 1-8-4-3-6-5-7-2. एका गाडीला माझे तीन रात्री जातात. पोरगी म्हणते बाबा मस्त आहे, बायको म्हणते याच्यावर काचेचं झाकण घाला धूळ बसते, आणि तिथं विषय संपतो.

तर मी बनवलेल्या एका जुन्या मॉडेलचा फोटो ऑनलाइन टाकला आणि खाली लिहिलं की गार्लिट्सचा मागच्या इंजिनवाला जुना किट कोणाकडे असेल तर सांगा. अर्ध्या तासात एकाचा मेसेज. किटबद्दल एक अक्षर नाही. पहिलं वाक्य काय, तर "दादा, वायरी फायरिंग ऑर्डरनं टाकल्या ना तुम्ही?"

मी तिथंच गळाला लागलो. सात वर्षात हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. मग दोन दिवस आमच्या गप्पा, गार्लिट्सचा पाय, लायन्सची तारीख, सगळं त्याला पाठ. पुण्याचा आहे म्हणाला, काकांचं कलेक्शन विकायला काढून राहिलो म्हणाला, किटचं नाव त्यानं तिसऱ्या दिवशी काढलं, तेही मीच विचारल्यावर. सीलबंद डबा, सोबत फोटोएचचा, म्हणजे पातळ पत्र्याच्या बारीक पार्टचा सेट, सगळे मिळून 7,800.

बाहेरून का नाही मागवला असं विचाराल. 2020 ला खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 ला 70, आणि 2021 पासून वर बीआयएसचा, म्हणजे आपल्या सरकारी मानक संस्थेचा मार्क पाहिजे. मॉडेल किट कस्टमवाल्यांच्या हिशोबात खेळण्यातच येतात. त्यामुळे देशातल्या देशात कोणी जुना डबा काढला की हौशी लोक तुटून पडतात आणि हे या ठगांनाही चांगलं माहीत आहे.

बायकोनं एकच विचारलं होतं, "तुम्ही त्याले पाह्यलं तरी हाय का कधी?" मी म्हटलं फोटो आहेत ना. पाच फोटो होते. डब्याचे चारही कोपरे, प्लास्टिकची चमक, आतल्या चाकांची यादी, मी झूम करकरून डबा पाहिला. डब्याच्या मागे भिंत होती, भिंतीवर सॉकेट होतं, आणि त्या सॉकेटला दोन चपट्या उभ्या चिरा आणि खाली एक भोक होतं. अमेरिकेतलं सॉकेट. पुण्यात कोणाच्या भिंतीला असतं ते? फोटो उघडउघड तिकडच्या कोणाच्या तरी जाहिरातीतून उचललेले. आणि हे कोणाला दिसलं नाही, तर ज्याचा दिवस सॉकेट उघडण्यात जातो त्याला. पैसे गेल्यावर अकराव्या दिवशी दिसलं.

4,000 आधी पाठवले. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो आला, नंबर टाकून पाहिला तर खरा, ट्रॅकिंग पुण्याहून निघालेलं, पिनकोड माझाच. झालं, उरलेले 3,800 पण टाकले. त्या पावतीवर नंबरच्या खाली वजन छापलेलं असतं भाऊ. 40 ग्रॅम. मी तेरा अक्षरी नंबर तीनदा तपासला आणि वजन वाचलंच नाही. नंतर माझ्याकडचा तसाच एक डबा शेजारच्या किराण्याच्या काट्यावर ठेवला, 410 भरला.

चौथ्या दिवशी आमचे पोस्टमन काका दुकानात, मी एका मोनोब्लॉक पंपाचं वाइंडिंग काढून राहिलो होतो, हात काळे. "भाऊ, सही करा एक." मी म्हटलं डबा कुठे आहे, ते म्हणे डबा नाही, लिफाफा आहे. मला वाटलं बिल वेगळं पाठवलं असेल, डबा मागून येईल, केली सही. आत चार पानं झेरॉक्स. किटच्या माहितीपत्रकाची. तीही तिरपी काढलेली, एका पानावर झेरॉक्सवाल्याच्या बोटाची सावली.

इथं त्याची अक्कल पाहा. काहीच न पाठवणारा ठग लगेच पकडात येतो. यानं माझ्याच पत्त्यावर खरं स्पीड पोस्ट पाठवलं, माझीच सही घेतली, आता कागदावर माल पोचलेला आहे. फोन केला तर उचलला, ओरडला नाही, उलट "अरे दादा, पॅकिंगवाल्या पोरानं अदलाबदल केली, सोमवारी डबा टाकतो." सोमवारी बुधवार, बुधवारी आजी वारली. मी सांत्वनाचा मेसेज पाठवला हो, काय सांगू. नवव्या दिवशी नंबर बंद आणि चॅट उघडली तर त्याच्या बाजूचे सगळे मेसेज डिलीट, फक्त माझेच उरलेले, येड्यासारखे एकटेच बोललेले. भाव ठरला ते, किट सीलबंद आहे म्हणाला ते, सगळं गायब. स्क्रीनशॉट एकही काढला नव्हता. एवढं गोड बोलणं चालू असताना स्क्रीनशॉट काढायला लाज वाटते, पण काढा, सौदा चालू असतानाच काढा.

मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथं पहिलं विचारतात ते यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर आणि कधी पाठवले. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे असतील तेवढे थांबवता येतात, माझे नऊ दिवस झालेले, खात्यातून केव्हाच काढून नेलेले. ती आजी काहून वारली हे मला तेव्हा समजलं. तक्रार पोर्टलवर नोंदवली, नंबर मिळाला आहे. तालुक्याला पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "खेळण्यातली गाडी? सात हजार आठशेची?" मागे बाकावर एक बाई म्हैस चोरीला गेली म्हणून बसली होती, ती माझ्याकडे असं पाहून राहिली की मीच ओशाळलो.

आता मी सौदा कसा करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. समोरच्याला म्हणतो, चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, ती डब्यावर ठेवा आणि फोटो पाठवा, आणि व्हिडिओ कॉलवर डबा कानाशी हलवून दाखवा. खरा हौशी असेल तो खुशीनं करतो, मागच्या महिन्यात नाशिकच्या एकानं तर काट्यावर ठेवून वजनही दाखवलं. पावती आली की आधी ग्रॅम वाचतो. पोस्टमन काकांसमोरच पार्सल फोडतो आणि पोरगी व्हिडिओ काढते, काकाही आता हसून थांबतात.

गाडी मी तशीही बनवून राहिलो. फ्रेमला सव्वा इंची पाइप धरला तर 1/25 ला सव्वा मिलिमीटर येतो, म्हणजे जवळपास 18 गेजची तांब्याची तार, ती दुकानात आहेच, सोल्डरिंग आपलं रोजचं. टायर मात्र जमून नाही राहिले. ती झेरॉक्सची पानं टेबलासमोर चिकटवली आहेत, तिरपी असली तरी रेअर एक्सल कुठे बसतो ते बरोबर दिसतं.

आणि मागच्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली, नाव वेगळं, गाव नागपूर, भाव 8,500. फोटो तेच पाच. तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात वर पाहा, ते सॉकेट अजून आहे.