पूर, दुष्काळ की खारवट जमीन: थांबावं, एकाला पाठवावं की सगळ्यांनी निघावं?

आधी एवढंच पाहा: संकट हंगाम नेतंय की जमीन?

पूर बहुतेकदा हंगाम नेतो. पाणी ओसरलं की शेत जागेवर असतं आणि मदतही येते. पाकिस्तानात १९९१ ते २०१२ या काळात त्याच त्या कुटुंबांचा मागोवा घेतला, तेव्हा पुरापेक्षा उष्णतेनं जास्त पुरुष गाव सोडून गेल्याचं दिसलं. उन्हानं हळूहळू करपणाऱ्या पिकासाठी कोणी धावून येत नाही. तेव्हा पुरानंतर घाईनं सगळं विकून निघू नका. नदी काठच कापत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे परतायला जमीनच उरत नाही.

खारवट जमिनीत डोळ्यांवर विसंबू नका. वाफ्याच्या कडेची पांढरी पोपडी ही उशिरा दिसणारी खूण. माती तपासणीत संपृक्त अर्काची, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता मोजतात; मीठ जास्त तितकी ती जास्त. ती ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भात तर ३ च्या पुढेच मार खाऊ लागतो. माती पावसाआधी आणि पावसानंतर, दोनदा तपासा. आकडा उतरत असेल तर मीठ धुऊन जातंय, थांबा. चांगला पाऊस होऊनही उतरत नसेल तर निचरा होत नाही किंवा भूजल वर आलंय. चर काढूनही फरक पडला नाही, तर त्या शेतावर नवं कर्ज काढू नका.

दुष्काळात निघायची गरज वाढते आणि ऐपत आटते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात १९८३-८५ च्या दुष्काळात दूर फ्रान्सला जाणं घटलं. जवळचं, थोड्या महिन्यांचं जाणं वाढलं, त्यातही बायकामुलांचं. म्हणून दूर पाठवायचं असेल तर चांगल्या वर्षी पाठवा. जनावरं कमी करायची तर चारा संपण्याआधी करा, कारण सगळेच विकायला काढतात तेव्हा भाव कोसळतो.

आमच्या मते बहुतेक घरांसाठी एकाला पाठवणं हीच पहिली पायरी. पण त्याचं काम इथल्याच पावसावर अवलंबून नको, आणि पहिला पैसा येईपर्यंत मागच्यांसाठी तीन महिन्यांची तरी तजवीज हवी.

सगळेच निघणार असाल तर स्वस्त खोली बहुधा नाल्याकाठी, सखल भागातच मिळते. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ कुठवर आहे, ते पाहूनच आगाऊ रक्कम द्या.