५० वॉटचा व्हीएचएफ बेस स्टेशन सेट: पावसाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये हा सेट, म्हणजे गेटवरच्या वॉकी-टॉकींशी बोलायचा टेबलावरचा व्हीएचएफ (साधारण १५० मेगाहर्ट्झवर चालणारा) रेडिओ, गेल्या उन्हाळ्यापासून चालू आहे. त्याबद्दल लिहायला बसलो ते सर्व्हिस सेंटरने दिलेल्या कोटेशनमुळे. सेट बाहेर फेकतो ती रेडिओ पॉवर कमी पडते अशी तक्रार केल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने वॉटमीटर न लावताच फायनल स्टेजचे, म्हणजे शेवटी पॉवर वाढवणारे, मॉड्यूल गेल्याचे सांगितले, आणि त्या कामाची रक्कम सेटच्या जवळपास निम्म्या किमतीची होती.

सेट परत आणला, अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता सगळी पॉवर जिरवणारा रोध) जोडला आणि मध्ये वॉटमीटर ठेवला. काटा ४० वॉटवर थांबला. पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर १३.८ व्होल्ट स्थिर होते. पण सेटच्या मागच्या प्लगवर मल्टिमीटर लावून पीटीटी (बोलताना दाबायची कळ) दाबली, तेव्हा आकडा १२.६ पर्यंत घसरला. सेटसोबत येणारी तीन मीटरची तार जेमतेम १ चौरस मिलिमीटरची आहे. जाता-येता सहा मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो, आणि ट्रान्समिट करताना सेट १० अँपिअरच्या वर करंट ओढतो. म्हणजे एक व्होल्टहून अधिक दाब त्या तारेतच जिरतो. पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीतून ४ चौरस मिलिमीटरची तार आणली, मूळचे फ्यूज तसेच ठेवून ती जोडली आणि पॉवर ५० च्या जवळ आली.

४० आणि ५० वॉटमधला फरक एक डेसिबलच आहे आणि पलीकडे ऐकणाऱ्याला तो जाणवणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही एवढ्या महाग सेटसोबत अशी तार देणे आणि तिचा दोष मॉड्यूलवर ढकलून गिऱ्हाइकाकडून पैसे मागणे, हे मला आजही पटत नाही.

पहिले काही महिने या सेटच्या आवाजाबद्दल माझे मत चांगले होते. ते मला बदलावे लागले. गेटवरचे सुरक्षारक्षक मोठ्याने बोलले की वॉकी-टॉकीवर शब्द फाटत. आमचे चॅनेल १२.५ किलोहर्ट्झचे, म्हणजे डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी मधल्या जागेपासून जितकी सरकते ते अंतर) २.५ किलोहर्ट्झच्या आत हवे. सेट मात्र २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी ५ किलोहर्ट्झवर लावून आला होता. प्रोग्रॅमिंगमध्ये चॅनेल नॅरो, म्हणजे १२.५ चे, केल्यानंतरही मी खात्री करून घेतली. माइकच्या जागी १.०४ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर दिला आणि डमी लोडजवळ ठेवलेल्या एसडीआर डोंगलच्या (संगणकाला जोडून सिग्नल पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) पडद्यावर कॅरियर, म्हणजे सेटची मूळ रेडिओ लहर, पाहत सुराची पातळी हळूहळू वाढवली. मधली उभी रेघ बुटकी होत जाते, दोन्ही बाजूंच्या रेघा वर येतात, आणि मधली पहिल्यांदा नाहीशी होते त्या क्षणी डेव्हिएशन बरोबर २.५ किलोहर्ट्झ असते, कारण तिथे मॉड्युलेशन इंडेक्स, म्हणजे डेव्हिएशन भागिले सुराची फ्रिक्वेन्सी, २.४०५ होतो. महागड्या सर्व्हिस मॉनिटरशिवाय एवढे अचूक माप मिळते, याचा मला मनापासून आनंद झाला. सेटमधली डेव्हिएशनची मर्यादा त्याच्या किंचित खाली ठेवली आणि गेटवरचा आवाज स्वच्छ झाला.

फ्रिक्वेन्सीबद्दल तक्रार नाही. सेटला मुभा असलेली चूक २.५ पीपीएम (दहा लाखांत अडीच भाग), म्हणजे १५० मेगाहर्ट्झवर ३७५ हर्ट्झ, आणि मे महिन्याच्या उकाड्यातही सेट त्याच्या आतच राहिला. पंखा थोडा आवाज करतो. पावसाळ्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा, आदर्श १) २ च्या वर गेला होता, पण तो गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. सेटचा त्यात दोष नव्हता.

दुसरा सेट घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, मात्र जाड तार बिलात धरून द्या असे दुकानदाराला आधीच सांगेन. वॉटमीटरचे आकडे जोडून सर्व्हिस सेंटरला पत्र पाठवले आहे आणि तपासणी शुल्क परत मागितले आहे.