काटा 107 च्या पुढे जात नाही : आठ महिने वापरल्यानंतर

हा रेडिओ फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर. मे महिन्यात लिहायला बसले असते तर पाच स्टार दिले असते आणि आज ते खोडत बसले असते. आळस कधी कधी कामी येतो.

बॅटरी किती चालते, पेनड्राइव्ह कुठे लावायचा, रेडिओला टॉर्च कशाला, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त उजवीकडच्या चाकाबद्दल लिहिणार आहे, ज्यानं केंद्र लावतात. बाकी सेट चांगला असेल किंवा नसेल, मला आता त्याच्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही.

साडेबाराशे रुपये घातले ते सासूबाईंसाठी. आमच्या भागात एक सामुदायिक रेडिओ केंद्र लागतं. दुपारी तासभर शहरातल्या माणसांच्या गोष्टी असतात: वस्त्या, कलावंत, जुने धंदे. ते ऑनलाइन ऐकायला मिळत नाही. माझ्या नव्या फोनमध्ये एफएम नाही, सासूबाईंच्या फोनमध्ये आहे म्हणतात पण हेडफोनची वायर खोचायला जागाच नाही. म्हणून सेट. आणि हे केंद्र नेमकं पट्ट्याच्या उजव्या टोकाला, 107 च्या पुढे. हा आकडा लक्षात ठेवा.

पहिल्या आठवड्यात मी खरखरीला वैतागून सेट परत करणार होते. ते माझं चुकलं, कबूल करते. अशा केंद्रांना प्रक्षेपणाला परवानगी असते 100 वॅटची, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या बल्बाएवढी. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, आणि आमच्या परळ-लालबागमध्ये आता सरळ रेषेत जायला जागा कुठे आहे! गिरणीच्या जागेवर टॉवर, चाळीच्या जागेवर टॉवर, आमचं घरही अशाच एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. सगळं घर पालथं घातल्यावर जागा सापडली: स्वयंपाकघराच्या खिडकीत, पिठाच्या डब्यावर, एरियल स्टीलच्या मांडणीपासून वीतभर लांब. तिथे स्वच्छ लागतं. डबा हलवला की गेलं. त्यामुळे दोन ते तीन आमच्याकडे कणीक मळत नाहीत.

केंद्राबद्दलही माझं मत बदललं. सुरुवातीला वाटायचं, काय हा बावळटपणा. निवेदक मुलगी अडखळते, बोलणारा माणूस मध्येच खोकतो, मागे कुणाचा तरी कुकर वाजतो. एकदा तर शिट्टी झाली आणि सासूबाई उठून आमचा गॅस बंद करून आल्या. वरण कच्चं राहिलं. पण महिनाभरात लक्षात आलं की मोठ्या वाहिन्यांवर हीच माणसं दोन वाक्यं बोलतात आणि मग तज्ज्ञ येऊन त्यांचा अर्थ सांगतो. इथे तज्ज्ञ येतच नाही.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाईंचा भाग घ्या. अलिबागकडची मराठी, आपल्या आत्याची असावी अशी. नवगावच्या किनाऱ्याला त्यांचे पूर्वज लागले ही परंपरेनं चालत आलेली कथा, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं ठेवलेलं नाव ‘शनवार तेली’, आणि गावावरून पडलेली दिवेकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं, हे सगळं कणसं सोलता सोलता सांगावं तसं सांगितलं. मग मलिदा कसा करतात ते: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि त्यांच्या प्रेषिताचं, एलियाहू हनबीचं, नाव. सासूबाईंनी साखरेऐवजी गूळ घालून दुसऱ्याच दिवशी केला. चांगला झाला, पण नैवेद्य दाखवायचा कुणाला यावर घरात थोडी चर्चा झाली. त्याच बाई म्हणाल्या की सॅम्युअल स्ट्रीटवरचं 1796 चं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे त्यांची ‘जुनी मशीद’, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच. मी त्या स्टेशनावर नऊ वर्षं उतरतेय, मसाला घ्यायला. मान वर करून कधी बघितलं नव्हतं.

14 एप्रिलला गोदीच्या स्फोटाचा भाग होता. 1944, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज, एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा. मला त्यातली रेडिओची गोष्ट आवडली. युद्धाच्या सेन्सॉरशिपमुळे इथल्या बातमीदारांना वृत्तान्त बाहेर धाडायची मुभा मे उजाडल्यावर मिळाली, पण जपान्यांच्या हातातल्या सायगॉन रेडिओनं तो दुसऱ्याच दिवशी जगाला सांगून टाकला. ऑगस्टमध्ये उषा मेहतांच्या काँग्रेस रेडिओबद्दल भाग झाला. 1942 मध्ये 42.34 मीटरवरून चालणारं गुप्त केंद्र, पोलिसांना चुकवायला सारख्या जागा बदलायच्या, शेवटी 12 नोव्हेंबरला पकडले गेले. सासूबाईंचा अभिप्राय असा: “त्या पोरीनं अख्खं यंत्र घेऊन घरं बदलली, आणि तुझ्या सेटचा काटा काही सरकत नाही.”

कारण तोवर काटा अडकायला लागला होता.

आधी 107 च्या पुढे जाताना चाक जड लागायचं. मग हलकं झालं, आणि हलकं झालं ते जास्त वाईट. चाक फिरतंय, फिरतंय, काटा 107 वर उभा. त्याच्या अलीकडे सगळं लागतं: गाणी, जाहिराती, हसणारे निवेदक. आम्हाला हवं ते तेवढं नाही. एक बोटभर जागा हो! काचेवर 108 छापलंय, डब्यावर 108 छापलंय, वॉरंटी कार्डावरसुद्धा छापलंय.

आणि हे नेमकं कधी? जुलैमध्ये केंद्रातली दोन पोरं सासूबाईंचं रेकॉर्डिंग करून गेली होती. त्यांच्या आईची लालबागला खानावळ होती. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गिरणीकामगार महिन्यावर जेवायचे, पाळीप्रमाणे पंगती, गावाला गेले की खाडे धरायचे. भोंगा झाला की तवा चढवायचा, घड्याळ घरात नव्हतंच. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. मग 18 जानेवारी 1982, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. लोक त्यांची गोष्ट सांगतात, ती खरीच. पण त्यांना जेवू घालणाऱ्यांच्या वहीत जी उधारी राहिली, तिचं काय झालं ते सासूबाईंनी सांगितलं. वही अजून आहे. चाळीस मिनिटं बोलल्या. पोरांनी चहा दोनदा घेतला.

सप्टेंबरमध्ये लावणार असं कळलं. मी सेट घाईघाईनं सर्व्हिस सेंटरला दिला, चार दिवसांत मिळेल या बोलीवर. एकोणीस दिवस! विसाव्या दिवशी तिथल्या मुलानं काउंटरवर एक गाण्यांचं केंद्र मोठ्यांदा लावलं आणि म्हणाला, “बघा मॅडम, वाजतोय की.” मी म्हटलं, 107 च्या पुढे ने. तो म्हणाला, “पुढे काय आहे?” चाक हा यांत्रिक भाग, तो वॉरंटीत येत नाही, वर तपासणीचे साडेतीनशे. सेटच्या किमतीच्या चौथाईहून जास्त, आणि काम शून्य. पावती घेतली. त्यावर ‘सेट ओके’ लिहिलंय.

भाग लागला तो सेट तिकडे असतानाच. दोनला दहा कमी असताना मी अख्ख्या मजल्यावर रेडिओ विचारत फिरले. सगळ्यांकडे पडद्याएवढे टीव्ही, रेडिओ एकाकडेही नाही. शेवटी खाली वॉचमनकडे बटणांचा फोन निघाला. त्याला हेडफोनची वायरच एरियल म्हणून लागते, त्यामुळे स्पीकर लावूनही वायर खोचलेली हवी, आणि त्याचा स्पीकर फाटलेला. मग एक बोंडूक सासूबाईंच्या कानात, एक त्याच्या. मी गेटवर उभी, गाड्या सोडायला. गेटजवळ सिग्नल चौदाव्या मजल्यापेक्षा बरा होता, हेही नोंदवून ठेवते. दोन-तीन मिनिटांनी वॉचमन दचकून म्हणाला, “अम्मा, ये तो आप बोल रही हो!” त्यांनी हातानं गप्प बस म्हणून खूण केली. चाळीस मिनिटांतली नऊ लावली होती. उधारीची वही आली, अन्नपूर्णा मंडळ आलं, बांगड्याचं कालवण गेलं. सासूबाईंना बांगड्याचं जास्त वाईट वाटलं. मी एक शब्द ऐकला नाही. पुनःप्रक्षेपण नसतं. केंद्राला माझी एवढी एकच तक्रार: आदल्या दिवशीचा भाग सकाळी परत लावायला काय हरकत आहे?

सेट शेवटी दुरुस्त झाला तो जिन्याखालच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे, ज्यानं बाहेर पाटी फक्त मिक्सर आणि पंख्याची लावलीय. त्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं: चाकापासून ड्रमपर्यंत एक बारीक दोरी असते, ती ढिली पडून घसरत होती. मेण लावलेली दोरी घातली, दोन फेरे जास्त दिले. तरी टोकाला थोडं कमीच पडत होतं. मग त्यानं काडेपेटीतली काडी घेतली आणि तांब्याच्या तारेचे तीन-चार वेढे होते ते काडीनं हलकेच फाकवले. लोखंडी पेचकस घालायचा नाही, म्हणाला, तो जवळ नेला तरी केंद्र पळतं. प्रत्येक वेढा हलला की गाणी सरकत गेली, आणि आमचं केंद्र 106 च्या खुणेवर येऊन बसलं. एकशेवीस रुपये दोरीचे. काडीचे घेतले नाहीत.

आता सगळी केंद्रं डायलवर बोटभर डावीकडे आली आहेत, आणि अगदी डाव्या टोकाचं काही लागत नाही. तिथे आमचं काही नव्हतंच. काचेवरचे आकडे खोटे झाले म्हणून सासूबाईंनी आमच्या केंद्राच्या जागी एक लाल टिकली लावलीय. ती दर पंधरा दिवसांनी वाळून पडते, नवी लावावी लागते.

सेटला दोन स्टार. त्यातला एक पिठाच्या डब्यावर नीट बसतो म्हणून. साडेतीनशेची पावती जपून ठेवलीय, त्याबद्दलचं तिसरं पत्र काल टाकलं.