सनदी अधिकाऱ्यांची मालमत्ता विवरणपत्रे आणि माहिती अधिकाराची सेवा : एका नियमित वापरकर्त्याचे परीक्षण

भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांनी दरवर्षी भरलेली स्थावर मालमत्तेची विवरणपत्रे केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. केडर, वर्ष आणि नाव निवडले की विवरणपत्र समोर येते. त्यासाठी शुल्क नाही आणि अर्जही करावा लागत नाही. गेली काही वर्षे मी ही सेवा वापरत आहे, आणि तिच्या जोडीने माहिती अधिकाराचा अर्ज व अभिलेख पाहणी यांचाही अनुभव घेत आहे. वरिष्ठ अधिकारी ज्या फाईलवर सही करतो, तिच्यात त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही लाभ गुंतला आहे का, हे सामान्य माणसाला यातून कळते का, एवढ्याच अंगाने मी हे परीक्षण लिहीत आहे.

विवरणपत्राचा नमुना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधील नियम १६ नुसार ठरलेला आहे. मालमत्ता कोणत्या जिल्ह्यात, तालुक्यात आणि गावात आहे, घर आहे की जमीन, सध्याची किंमत किती, स्वतःच्या नावावर नसेल तर कोणाच्या नावावर आणि त्याचे नाते काय, ती खरेदीने, वारसाने की बक्षीसपत्राने मिळाली, वार्षिक उत्पन्न किती, असे रकाने त्यात असतात. रकाने चांगले आहेत, आणि एकाच अधिकाऱ्याची पाच-सहा वर्षांची विवरणपत्रे शेजारी ठेवून वाचली तर बरेच काही कळते. नवी जमीन कोणत्या वर्षी आली आणि त्या वर्षी अधिकारी कोणत्या पदावर होता, हे जुळवून पाहणे कोणत्याही जागरूक नागरिकाला जमण्यासारखे आहे. मात्र ‘सध्याची किंमत’ या रकान्यात वर्षानुवर्षे तोच आकडा उतरवलेली अनेक विवरणपत्रे मी पाहिली आहेत.

खरी उणीव या नमुन्याच्या बाहेर आहे. शेअर्स, भागीदारी, पत्नीची किंवा पतीची सल्लागार संस्था, मुलाची नोकरी यांतले काहीही येथे दिसत नाही. ज्या कंपनीशी सरकारी व्यवहार आहेत तिच्यात घरातील कोणी नोकरी करत असेल, तर त्याबाबतचे बंधन याच नियमावलीच्या नियम ४ मध्ये आहे. पण त्यानुसार कळवलेली माहिती विभागाच्या फाईलमध्येच राहते. याउलट निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराच्या शपथपत्रात जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्यांचे शेअर्स, दागिने, कर्जे असे सगळे लिहावे लागते आणि ते मतदाराला वाचता येते. आमच्या आमदारांच्या पत्नीच्या नावावर किती सोने आहे हे मला माहीत असते, पण ज्या सचिवांच्या सहीने एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलते, त्यांच्या कुटुंबाची कोणत्या बांधकाम कंपनीत गुंतवणूक आहे, हे मला कळू शकत नाही. या भेदाचे कोणतेही पटणारे कारण मला आजवर सापडलेले नाही.

हे नाते दडलेले राहिले की काय होते, ते महाराष्ट्राने कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत पाहिले आहे. ३१ मजल्यांच्या त्या इमारतीच्या परवानग्या ज्या टेबलांवरून गेल्या, त्यांतल्या काही अधिकाऱ्यांच्या नातलगांना तेथेच सदनिका मिळाल्या. या प्रकरणाचे धागे उलगडले ते माहिती अधिकाराखाली मिळवलेल्या कागदांतून, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. चौकशी आयोगाने १०२ पैकी २५ सभासद अपात्र ठरवले. परवानगी देतानाच ‘माझा मुलगा या संस्थेचा सभासद आहे’ एवढी एक ओळ फाईलवर लिहिणे सक्तीचे असते, तर पुढची कित्येक वर्षे वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेचे, उदाहरण अलीकडचे आहे. तत्कालीन अध्यक्षांनी हितसंबंधांमुळे कोणकोणत्या प्रकरणांतून स्वतःला दूर ठेवले, ही माहिती २०२४ मध्ये अर्जाद्वारे मागितली गेली, तेव्हा ती सहज उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले, आणि मालमत्तेची माहिती वैयक्तिक ठरवून नाकारली गेली. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी लोकपालांनी मे २०२५ मध्ये फेटाळल्या, हेही नमूद केले पाहिजे. तरीही कोणत्या प्रकरणातून माघार घेतली याची नोंदवहीच हाताशी नसणे मला अधिक गंभीर वाटते, कारण आरोप खोटा असला तरी तो खोडून काढणारा कागद तीच असते. पुढे सेबीनेच नेमलेल्या समितीने वरिष्ठांच्या मत्ता व दायित्वांची माहिती जाहीर करण्याची शिफारस केली.

या साखळीतील सर्वांत उपयुक्त भाग कोणता असे विचारले, तर मी सोमवारच्या अभिलेख पाहणीचे नाव घेईन. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरावरील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अशाच एका सोमवारी, एका कार्यालयात, भोगवटादार वर्ग-२ ची (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन वर्ग-१ (म्हणजे विकण्यास मोकळी) करण्याची एक नस्ती मी उघडून बसलो होतो. टिपणीच्या बाजूला ‘मान्यतेस्तव सादर’ असा शेरा, त्याखाली एकावर एक चढत गेलेल्या सह्या आणि शेवटी हिरव्या शाईत ‘मान्य’. संबंधित पक्षकार नात्यातला आहे म्हणून कोणी ही फाईल दुसऱ्याकडे सोपवल्याची नोंद कोठे असते, असे मी तेथील अव्वल कारकुनांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, “दादा, असं लेखी कोणी देत नाही. फार तर साहेब रजेवर जातात आणि प्रभारी सही करतात.” त्या एका वाक्याने मला सगळ्या विवरणपत्रांपेक्षा जास्त शिकवले. आता मी फाईलबरोबर त्या आठवड्यातील कार्यभार हस्तांतरणाचे कागदही मागतो.

ऑनलाइन अर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. राज्यात शुल्क १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज दाखल करणे सोपे आहे, पण अधिकाऱ्याच्या हितसंबंधांचा प्रश्न आला की उत्तरात माहिती अधिकार कायद्यातील, वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारे कलम ८(१)(ञ) हमखास येते. त्याला, अधिकाऱ्याच्या मालमत्तेचा तपशील वैयक्तिक माहिती ठरवणाऱ्या, गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाचा आधार दिला जातो. त्या निकालानेही व्यापक जनहिताची वाट उघडी ठेवली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमातील जनहिताचा उल्लेखच काढून टाकला, आणि या सेवेचे त्याहून मोठे नुकसान मला आठवत नाही.

कलम ८(२) मात्र अजून शाबूत आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठे असेल, तर माहिती देता येते असे ते सांगते. म्हणून नव्याने अर्ज करणाऱ्यांनी ‘अमुक अधिकाऱ्याची मालमत्ता’ असे न मागता, निर्णयाच्या फाईलची टिपणी बाजू, नियम ४ खाली आलेली सूचना आणि त्यावरील मंजुरीचा आदेश यांच्या प्रती मागाव्यात, जनहित कोणते हे अर्जातच दोन ओळींत लिहावे, आणि नकार आला तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे.