कॅलिफोर्नियाचं सेल्स टॅक्स दर शोधायचं सरकारी साधन: दर चोख, बिलाचं कोडं तुमच्याकडेच

भारतात वस्तूवर छापलेली एमआरपी म्हणजे सगळे कर धरूनची किंमत. अमेरिकेत चिठ्ठीवर ४९.९९ डॉलर असले तरी गल्ल्यावर किती मोजायचे हे दोन गोष्टींवर ठरतं: खरेदी कुठे झाली आणि वस्तू कोणती. कॅलिफोर्नियात ‘कुठे’चं उत्तर सीडीटीएफए, म्हणजे राज्याच्या कर आणि शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरचं दर शोधायचं साधन देतं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. ‘कोणती वस्तू’ हे मात्र ते विचारतही नाही, आणि बहुतेकांचा हिशोब नेमका तिथेच चुकतो.

आधी त्याचं बलस्थान. राज्यभर किमान दर ७.२५ टक्के: ६ टक्के राज्याचे, १.२५ टक्के स्थानिक. त्यावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) आणि शहरं मतदारांच्या मंजुरीने आपापले डिस्ट्रिक्ट टॅक्स चढवतात. सॅन होजेमध्ये २०२५ साली ही बेरीज ९.३७५ टक्के होती, जवळच्या फ्रीमाँटमध्ये १०.२५. या साधनात घर क्रमांक, रस्ता, शहर आणि झिप कोड टाकला की त्या जागेचा एकूण दर आणि ती जागा कुठल्या हद्दीत येते हे दिसतं.

पूर्ण पत्ता टाकण्याचा आळस करू नका. झिप कोड टपालाच्या सोयीसाठी आखलेले आहेत, कराच्या हद्दी वेगळ्या. सॅन होजेतल्या अलम रॉक भागात पत्त्यात ‘सॅन होजे’ लिहिलेली, पण शहराच्या हद्दीत न येणारी घरं आहेत. तिथे शहराचा पाव टक्का लागत नाही, फक्त काउंटीपर्यंतचा दर लागतो. नुसत्या झिपवर चालणारे खासगी कॅल्क्युलेटर अशा ठिकाणी चुकीचा दर सांगतात. सरकारी साधन वापरायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

दर साधारणपणे तिमाहीच्या पहिल्या दिवशी बदलतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. लॉस एंजेलिस शहराचा दर १ एप्रिल २०२५ ला ९.५ वरून ९.७५ झाला. त्यामुळे जुनी पावती तपासताना आजचा दर लावू नका. जुने दर त्याच संकेतस्थळावर वेगळ्या याद्यांमध्ये आहेत, तिथून घ्या.

गणित सोपं आहे. सॅन होजेचा २०२५ चा ९.३७५ टक्के दर धरा. ४९.९९ ला ०.०९३७५ ने गुणलं की ४.६८६ येतात, म्हणजे ४.६९ डॉलर कर आणि एकूण ५४.६८. उलटा हिशोब करताना मात्र घोटाळा होतो. कर धरून १०० डॉलर दिले असतील तर त्यातला कर ९.३८ नसतो. १०० ला १.०९३७५ ने भागा: मूळ किंमत ९१.४३, कर ८.५७.

आता साधन जिथे थांबतं तिथून पुढे. भारतीय किराणा दुकानाचं एक बिल घ्या: तांदूळ १८.९९, उदबत्ती ३.४९, स्टीलचा डबा २४.९९, कागदी पिशवी ०.१०. घरी नेऊन शिजवायच्या अन्नावर कर नाही, पिशवीच्या पैशांवरही नाही. कर लागतो फक्त उदबत्ती आणि डब्याच्या २८.४८ वर, म्हणजे त्याच दराने २.६७. एकूण ५०.२४. पूर्ण बिलाला दर लावलात तर तांदळाचा कर विनाकारण धराल.

शिजवलेल्या पदार्थांचे नियम जास्त गुंतागुंतीचे आहेत. घरी न्यायला घेतलेल्या गार बर्फीच्या डब्यावर सहसा कर नसतो, गरम समोशावर असतो. नुसता गरम चहा बरोबर नेला तर कर नाही. तोच चहा समोशासोबत एका किमतीच्या जोडीत घेतला की पूर्ण जोडीवर कर. बसून खाल्लं तर गार पदार्थांवरही. सोड्यावर कर आहे, साध्या बाटलीबंद पाण्यावर नाही. स्वखुशीने दिलेल्या टिपवर कर नाही, पण हॉटेलने बिलात सक्तीने लावलेल्या सर्व्हिस चार्जवर आहे. कूपनचंही तसंच: सूट दुकानाची असेल तर कमी झालेल्या किमतीवर कर, उत्पादकाचं कूपन असेल तर मूळ पूर्ण किमतीवर, कारण दुकानदाराला ती रक्कम उत्पादकाकडून परत मिळते. हे सगळं विभागाने वेगवेगळ्या पुस्तिकांत लिहिलेलं आहे. दराच्या निकालाशेजारी यातलं थोडं जरी दिलं असतं, तर ग्राहकाची निम्मी शोधाशोध वाचली असती.

गाडी घेताना हे साधन खरं उपयोगी पडतं. गाडीचा दर शोरूमच्या नव्हे, तर ती जिथे नोंदली जाणार त्या पत्त्याचा लागतो. सॅन होजेच्या रहिवाशाने फ्रीमाँटमधून ३२,००० डॉलरची गाडी घेतली, तर २०२५ च्या दराने कर ३,०००. चुकून फ्रीमाँटचा दर लागला तर ३,२८०. सही करण्याआधी कागदावरचा दर आपल्या पत्त्याच्या दराशी ताडून बघा. जुनी गाडी ८,००० ला बदल्यात दिलीत तरी कॅलिफोर्नियात कर पूर्ण ३२,००० वरच लागतो. अनेक राज्यांत तसं नाही, म्हणून दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचा अंदाज इथे फसतो. डीलरच्या कागदपत्रांच्या शुल्कावरही कर आहे, डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन विभागाच्या, नोंदणी शुल्कावर नाही.

ऑनलाइन मागवलेल्या मालाला साधारणपणे पोहोचत्या पत्त्याचा दर लावा. २०१८ च्या वेफेअर खटल्यातल्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या विक्रेत्यांनाही कर गोळा करावा लागतो. विक्रेत्याने तो लावलाच नाही, तर यूज टॅक्स म्हणून तुम्हीच भरायचा. राज्याच्या आयकराच्या फॉर्म ५४० वर त्यासाठी ओळ आहे. पुण्याहून कुरिअरने मागवलेली पैठणी यात येते. प्रवासात स्वतः बरोबर आणलेल्या वस्तूंना मात्र ३० दिवसांत पहिल्या ८०० डॉलरपर्यंत सवलत आहे. ती कुरिअरला मिळत नाही.

दुकानाने जास्त कर घेतला असं दिसलं, तर दराच्या पानाची तारखेसकट छापील प्रत आणि पावती घेऊन आधी दुकानातच जा. ग्राहकाने जादा कर विक्रेत्याकडेच परत मागायचा असतो. त्याने तो विभागाकडे भरलेला असला, तर तिथून परताव्याची मागणी त्याने करायची.