केवलमूल्य शिकवायला किल्ल्याचा गेम, सात महिने वापरून झाल्यावर

घरी सातवी-आठवीच्या १४ पोरांची शिकवणी घेते. जूनमधे भाच्याने स्क्रॅचवर (मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर) एक ॲडव्हेंचर गेम बनवून दिला, तेव्हापासून वापरतेय, म्हटलं आता लिहावं. केवलमूल्य म्हणजे संख्या शून्यापासून किती लांब आहे ते; बोर्डाच्या पुस्तकात ते नववीत येतं पण ऋण संख्या सहावीतच येतात आणि खरी बोंब तिथूनच सुरू होते, म्हणून मी आधीच उरकते.

गेम असा की एक किल्ला आहे, दरवाजा म्हणजे शून्य, वर बुरुजाचे मजले आणि खाली भुयार, −१, −२ असं खोल जाणारं. स्क्रॅचच्या स्टेजवर शून्य मधोमधच असतो, वर १८० खाली −१८०, त्यामुळे दरवाजा आयताच मधे बसलाय. हातात मशाल, मजला चढा नाहीतर उतरा, एक पळी तेल जळणारच. पहिल्याच दिवशी एक पोरगा भांडायला उठला, "मॅडम उतरताना कमी जळायला पाहिजे ना!" म्हटलं मशालीला काय कळतंय रे तू चढतोयस का उतरतोयस. ७ वर जायला ७ पळ्या आणि −७ वर जायलाही ७च, झालं केवलमूल्य शिकवून.

आधी मीच "मायनस काढून टाका" असं सांगायचे, चूक माझीच होती. मग |३ − ८| (उभ्या रेघा म्हणजे केवलमूल्य) दिलं की अर्धी पोरं ११ लिहायची, मायनस दिसला की खोडला! आता तेच तिसऱ्या मजल्यावरून आठव्यावर जायचंय असं म्हटलं की ५ म्हणतात. −३ वरून ५ वर जायला मात्र बऱ्याच जणांनी २च पळ्या घेतल्या आणि दरवाज्याच्या जरा खाली अंधारात अडकले, मग बोटांनी मजले मोजत बसले, ८ आले. मला फळ्यावर हे कधी जमलं नव्हतं.

सगळ्यात भारी लेव्हल पहारेकऱ्याची. तो म्हणतो खजिना दरवाज्यापासून ४ मजल्यांवर. सगळे वर पळतात, पेटी रिकामी, मग कुणालातरी −४ आठवतो. पुढच्या लेव्हलला तोच म्हणतो −४ मजल्यांवर, आणि पोरं वीस मिनिटं शोधून "मॅडम गेम बिघडला" म्हणून ओरडतात. अंतर कधी मायनस नसतं, म्हणून अशी खोलीच नाहीये, "खोटं बोलतोस" हे बटण दाबायचं असतं.

आता तक्रारी. गेममधले आकडे इंग्रजी, आणि एकचा आकडा व त्या दोन उभ्या रेघा डिट्टो सारख्या, एकीने चक्क एकशे अकरा वाचलं. दोन महिन्यांत लेव्हल पाठ झाल्या, ऑगस्टमधे पोरं न वाचताच क्लिक करत होती. आणि लॅपटॉप एकच, म्हणजे एक खेळणार आणि तेरा जण सल्ले देणार. वहीत तर x ऋण असेल तर |x| म्हणजे −x हे अजून कुणाला पटत नाही, "उत्तर मायनस कसं येईल मॅडम" हे चालूच आहे, त्यात गेमची काहीच मदत नाही.

भाच्याला म्हटलं दर वेळी मजले बदलतील असं कर. "मावशी, सेमिस्टर संपू दे." तोवर जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिलेत, तेलाऐवजी चिंचोके.